वाळूवाचून खरबूज

आमच्या माळव्यात खरबूज कोणी घरी लावीत नाही. चैत्र उजाडला की ते हातगाडीवर आपण होऊन येते. देठाजवळ नाक नेऊन वास घ्यावा, पसंत पडले तर घरी आणून माठाच्या शेजारी ठेवावे, दुपारच्या जेवणानंतर चिरून वर चिमूटभर साखर भुरभुरावी आणि बिया धुऊन पाटावर वाळत घालाव्यात, इतकाच काय तो आमचा खरबुजाशी संबंध. त्या बियांचा मगज पुढे कधीतरी थंडाईत पडे. हे फळ मिळविण्यासाठी आपणांस काही करावे लागते, ही कल्पनाच आम्हा इंदूरकरांना नसते. त्यामुळे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, इंग्लंडच्या उत्तर भागात, काचेच्या एका खोलीत मी पाच महिने खपून तीन खरबुजे पिकविली असे सांगितले, तर येथील मित्र प्रथम हसतात आणि मग विचारतात, "खर्च किती आला?"

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता मुलीकडे यॉर्कशायरमध्ये गेलो. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई. मागे आम्ही दोघे आणि खिडकीबाहेरचे करडे आभाळ. चार दिवस मी त्या आभाळाला नावे ठेवली. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, मागच्या अंगणात काचेची खोली आहे म्हणे. नावे ठेवायचीच तर तिथे बसून ठेवा." ती खोली म्हणजे आधीच्या मालकाने सोडून दिलेले सहा फूट रुंद आणि आठ फूट लांब काचघर होते. दोन काचा फुटलेल्या, आत रिकाम्या कुंड्या, कोपऱ्यात कोळ्यांची वस्ती. मी ते झाडून घेतले. काचा जावयाने बसवून दिल्या. आत काय लावावे, असा प्रश्न आला तेव्हा शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणावरून म्हणाले की टोमॅटो लावावेत, या हवेत तेवढेच भरवशाचे. माझ्या तोंडून मात्र "खरबूज" असे निघून गेले. का निघाले, ते मला त्या वेळी सांगता आले नसते.

घरचे बी बरोबर आणण्याचा विचार निघण्यापूर्वी मी बोलून दाखविला होता. पण रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला असल्याशिवाय परदेशातून बी नेता येत नाही, असे मुलीने फोनवर बजावले होते. तेव्हा तिकडचीच पुडी घेतली. वाणाचे नाव 'ब्लेनहाइम ऑरेंज'. ब्लेनहाइमच्या राजवाड्यातील बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेला, थंड हवेतही काचेखाली पिकणारा, आतून नारिंगी गराचा हा जुना वाण. पुडीत दहा बिया होत्या.

खरबुजाच्या बीला रुजताना वीस-पंचवीस अंश ऊब लागते. थंड ओल्या मातीत ते रुजण्याऐवजी कुजते. घरात तर सकाळी सोळा अंश. बी हातात घेऊन मी विचार करीत बसलो असता एकाएकी चाळीस वर्षांपूर्वीची एक म्हातारी डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने कमरेची चिंधी सोडून तिच्यातले बी मला दाखविले होते.

हे थोडे सविस्तर सांगावयास हवे. मी एका सरकारी खात्यात अभियंता होतो. १९७९ च्या डिसेंबरात नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम निवाडा झाला आणि सरदार सरोवराचे पाणी मागे कुठवर चढेल याच्या मोजणीस वेग आला. १९८२ च्या हिवाळ्यात माझी नेमणूक त्या वेळच्या पश्चिम निमाड जिल्ह्यात, बडवानीच्या बाजूस नदीकाठी झाली. दिवाळी उलटून नर्मदेचे पाणी ओसरले, की दोन्ही अंगांना वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडत, आणि केवट व कहार कुटुंबे त्या वाळूत आपल्या बाड्या आखीत. वाळूत हात-दीड हात खोल खड्डे करावयाचे, ओल लागली की तळाशी कुजलेले शेणखत घालावयाचे, आणि त्यात मोड आलेले बी टोचावयाचे. रात्री थंडी कडक. म्हणून उत्तरेच्या अंगाला गवताचे आडोसे उभे करीत. बी मात्र थेट वाळूत पडत नसे. ते रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधीत आणि ऊब मिळेल अशा जागी ठेवीत. त्या म्हातारीने ते स्वतःच्या अंगाशीच बांधले होते.

मी तेच केले. बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजविल्या, फडक्यात बांधल्या आणि मुलीच्या घरी गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते, तेथे टॉवेलांच्या चळतीवर ठेवल्या. चौथ्या दिवशी सात बियांना पांढरे मोड आले होते. नातीला ते दाखविले तेव्हा तिने विचारले, "आजोबा, हे तुम्हांला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "एका बाईंनी." त्यांचे नाव तिने विचारले, आणि ते मला आठवेना. आठवेना म्हणणेही खरे नव्हे. मी ते कधी विचारलेच नव्हते.

रोपे खिडकीच्या तावदानाशी वाढत होती तोवर मी वाफ्याच्या मागे लागलो. नर्मदेची वाळू दिवसा तापते, पाणी धरून ठेवीत नाही, पण हातभर खाली मुळांना ओल मिळते. वरची हवा कोरडी असल्याने वेलाला रोगही कमी. यॉर्कशायरची काळी चिकणमाती या प्रत्येक बाबतीत नेमकी उलटी. वरून ओली, खालून गार. यावर इंग्लंडातल्या जुन्या माळ्यांनी काढलेला उपाय म्हणजे घोड्याच्या ताज्या लिदीचा गरम वाफा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मोठ्या घरांच्या बागांतून लिदीच्या उष्णतेवर खरबुजेच काय, अननसही पिकवीत असत. जवळच्या एका तबेल्यातून जावयाने गोण्या आणून दिल्या. लीद एकदम वापरली तर मुळे भाजतात; म्हणून आठवडाभर ढीग उलथापालथ करीत राहिलो. मग दोन फूट खोल चर भरून ती तुडविली, वर आठ इंच माती व वाळू यांचे मिश्रण घातले. दुसऱ्या दिवशी त्या मातीत हात घातला तो ती कोमट लागली, आणि खोटे कशास सांगू, मला विलक्षण आनंद झाला.

मेअखेरीस दोन रोपे लावली. रोप थोड्या उंचवट्यावर, बुंधा मातीच्या वर राहील असे लावावे. बुंध्याशी पाणी साचले की तो सडतो. मुख्य शेंडा पाच पाने येताच खुडावा, कारण फळ धरणारी फुले बहुधा बाजूच्या फांद्यांवर येतात. ज्याला लहानपणापासून झाड मोडू नये असे शिकविले, त्याला हे खुडणे जड जाते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, एका वेलावर चारांहून अधिक फळे ठेवाल तर एकही गोड होणार नाही.

त्या वर्षीचा जून हा ब्रिटनमधील नोंदींतला सर्वांत उष्ण जून ठरला. दैव माझ्या बाजूस होते. वेलांनी पंधरवड्यात काच गाठली आणि फुले आली. काही फुले नुसतीच पिवळी, तर काहींच्या मागे बोराएवढे लवदार फळ. काचघरात मधमाश्या क्वचितच शिरतात. तेव्हा तेही काम माणसाचे. दुपारी, फुले कोरडी असताना, नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्याचा पराग फळाच्या फुलात हलकेच टेकवावा. यातली मेख अशी, की ही फुले शक्य तो एकाच दिवशी फळवावी लागतात. एक फळ आधी धरले, की वेल सारा रस त्यालाच देतो आणि मागून आलेली फळे पिवळी पडून गळतात. मी वाट पाहिली आणि २१ जूनला दोन वेलांवरची आठ फुले एकाच दुपारी फळविली.

खात्याची सवय मोडत नाही. मी एका वहीत रकाने आखले होते: वेल क्रमांक, फांदी, फूल, दिनांक, सकाळचे तापमान, रात्रीचे तापमान, शेरा. आठ फुलांच्या आठ ओळी सुबक अक्षरात भरल्या. त्या संध्याकाळी वही मिटताना माझा हात थांबला.

१९८३ च्या फेब्रुवारीत अशीच एक वही माझ्या हाती होती. गावातली घरे, विहिरी, झाडे, शेते, सर्वांना रकाने होते. आम्ही वाळूवरून जात असता त्याच म्हातारीने मला थांबविले आणि नकाशा पसरावयास लावला. "साब, इसमें हमारी बाड़ी कहाँ है?" तिने विचारले. मी नदीच्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवले. ती म्हणाली, "यहाँ तो पानी बना है." मी समजावले की ही नदीची जागा, नकाशात ती पाण्याचीच दाखवितात. तिने भोवतालच्या हिरव्यागार वेलांकडे पाहिले आणि ती नुसती हसली. वाळू कोणाच्या नावे नसते. तिला खसरा नाही, म्हणून आमच्या वहीत तिला रकाना नव्हता. बरोबरच्या शिपायाने त्या पट्ट्यातल्या बाड्या सहज मोजल्या होत्या. बावन्न भरल्या. मी शेऱ्याच्या जागी एक ओळ लिहू शकलो असतो. नमुन्याबाहेर लिहिल्यास वरिष्ठ विचारतील म्हणून लिहिली नाही. जाताना तिने दोन खरबुजे दिली, पैसे घेतले नाहीत. ती खाऊन आम्ही मुक्कामी गेलो.

धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. मी मोजलेल्या पट्ट्यातली वाळू त्याखाली गेली. धरणाने कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पाणी पोहोचविले, हेही खरे. माझ्या साऱ्या नोकरीचा अभिमान त्यावर उभा आहे, आणि तो मी टाकून देत नाही. परंतु ज्याच्या नावे कागद नाही त्याला जमिनीबदल जमीन मागणे किती कठीण, हे पुढे वर्षानुवर्षे वाचनात येत राहिले, आणि प्रत्येक वेळी मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

जून जितका प्रेमळ, तितका जुलै निष्ठुर निघाला. रोज पाऊस, रात्री काचघरात बारा अंश. पानांवर भुरी आली. रोगट पाने काढून टाकली आणि दुपारी दार उघडून हवा खेळती ठेवली. आठांपैकी पाच फळे धरली होती. एक देठाशी कुजले. दुसरे माझ्या हाताने गेले: चार दिवस पाणी तोडून मग उन्हाची तिरीप पाहताच मी हात सैल सोडला, आणि सकाळी फळ उभे तडकलेले. खरबुजाला पाणी सकाळी, कोमट आणि एकसारखे द्यावे. आणि सालीवर जाळी उमटून फळ भरले की कमी करीत जावे, म्हणजे गोडी उतरते. उरलेल्या तिघांना सौ.ने जुन्या पातळाच्या झोळ्या शिवून दिल्या. काचेखाली टांगलेली ती तीन बाळे पाहावयास नातीच्या मैत्रिणी येत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन परतले. एके सकाळी काचघराचे दार उघडताच वास आला. देठाभोवती बारीक चीर पडली होती. फळ हातात घेताच ते आपण होऊन सुटले. वजन सातशे ग्रॅम. एक फळ शेजारच्या गृहस्थांना दिले. दुसरे जेवणाच्या टेबलावर चिरले. गोडी बरी होती. वाळूतल्या खरबुजाची नव्हे, हे मला आणि सौ.ला, न बोलता, एकदमच समजले. नात म्हणाली, "आजोबा, एकदम मस्त आहे!" आणि तिने सालीपर्यंत चमचा फिरविला.

काबूलहून आलेले खरबूज कापताना आपले डोळे भरून आले, असे बाबराने १५२९ मध्ये आपल्या एका सरदारास लिहिले होते. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने बल्खच्या माळ्याकडून खरबुजे लावून घेतली. त्याला आपला मुलूख आठवला. मला मुलूख आठवला नाही. मुलूख इंदूरला होता तसाच आहे, आणि महिनाभरात मी तेथे परतणार होतो. मला आठवली ती एका बाईची चिंधी, आणि शेऱ्याची कोरी जागा.

परतल्यावर पुढील वैशाखात हातगाडीवाल्याला मी विचारले, माल कुठला? म्हणाला, निमाडच्या शेतातला. आता प्लॅस्टिकच्या आच्छादनावर, ठिबकच्या पाण्यावर होतो. फळ मोठे होते, गोडही होते. वाळूतले येते का, असे विचारले तर त्या तरुणाला प्रश्नच कळला नाही.

म्हणून त्या म्हातारीची रीत जशी मला आठवते तशी वर लिहिली आहे: खड्ड्याची खोली, तळचे खत, उत्तरेचा आडोसा, फडक्यातले बी. वाचकांपैकी कोणी नदीकाठच्या गावी वाढले असेल, कोणाच्या घरी अशा बाड्यांवरून फळ येत असेल, तर त्यांनीही आठवेल ते लिहून ठेवावे, आणि जमल्यास पिकविणाऱ्याचे नावही लिहावे. मी ते विचारले नाही. यॉर्कशायरच्या माझ्या वहीत आठ फुलांची नोंद आहे. त्यातले गळालेले प्रत्येक फूलही दिनांकासह लिहिलेले आहे. त्या बावन्न बाड्यांची नोंद एवढीच, आणि ती चाळीस वर्षे उशिरा होत आहे.