खिडकीपासून सुरू होणारा उपचार

ट्रान्स व्यक्तींच्या मानसिक आरोग्याविषयी बोलायला मला कुठे बोलावलं की श्रोत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, हे कशामुळे होतं?' मनोविकारतज्ज्ञ म्हणून मला मात्र वाटतं, की त्यांनी दुसरंच काही विचारावं. ही माणसं दवाखान्यात एवढ्या उशिरा का येतात?

पारलिंगी, म्हणजेच ट्रान्स, असणं हा मनोविकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात हा विषय मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला आहे. तरीही नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार ट्रान्स समाजात जास्त आढळतात. घरच्यांनी बाहेर काढणं, शाळा सुटणं, भाड्यानं खोली न मिळणं, रस्त्यात कुणीही काहीही बोलून जाणं, या गोष्टी वर्षानुवर्षं सोसल्या तर कुणाचंही मन आजारी पडेल.

या सोसण्यात रुग्णालयाचाही वाटा आहे, आणि मला ते फार लागतं. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्डावरचं जुनं नाव लिहिलं जातं. ओपीडीबाहेर तेच नाव मोठ्यानं पुकारलं जातं, साडीतली बाई उठते आणि सगळी रांग वळून बघते. पुढच्या तारखेला ती येत नाही. दाढी आलेला ट्रान्स पुरुष स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसला, की 'तुम्ही कुणाबरोबर आलात?' असं त्याला विचारतात. गर्भाशय त्याच्या शरीरात आहे, तपासणीची गरज त्यालाच आहे, पण हे चार बायकांसमोर सांगण्यापेक्षा तो दुखणं अंगावर काढतो. कुठल्या स्वच्छतागृहात जावं हा प्रश्न नको म्हणून दिवसभर पाणी न पिणारे किती तरी जण मला भेटले आहेत. त्यांचा मूत्रमार्गाचा संसर्ग औषधानं बरा होतो आणि पुन्हा उलटतो.

डॉक्टर टाळले म्हणून शरीर बदलण्याची ओढ थांबत नाही. मग मैत्रिणीनं सांगितलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मेडिकलमधून आणून, दिवसाला दोन-दोन, तीन-तीन घेतल्या जातात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो; तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी. योग्य संप्रेरक, योग्य मात्रा आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, एवढ्यानं हा धोका पुष्कळ कमी करता येतो. हिजडा समाजात ज्यांचं निर्वाण, म्हणजे लिंग-वृषण काढण्याचा विधी, झालेलं असतं, त्यांचं दुखणं तर कुणी मोजतच नाही. वृषण काढल्यावर बाहेरून संप्रेरक मिळालं नाही, तर हाडं ठिसूळ होत जातात, झोप उडते, अंगातून गरम वाफा येतात, मन खचतं. आयुष्यभर टाळी वाजवून चेल्यांना सांभाळलेली एखादी वयस्क गुरू साध्या पडण्यानं खुबा मोडून अंथरुणाला खिळते. तिच्या उदासीवर मी एकटीनं गोळ्या लिहून काय होणार? अस्थिरोग, संप्रेरक आणि मन यांचे डॉक्टर एकत्र बसायला हवेत.

माझ्या स्वतःच्या शाखेतली अडचण याहून नाजूक आहे. लिंगपुष्टीकरणाच्या शस्त्रक्रियेसाठी मनोविकारतज्ज्ञाचं पत्र लागतं, त्यामुळे समोरची व्यक्ती माझ्याकडे बरं व्हायला येत नाही, परवानगी मागायला येते. पत्र अडेल या भीतीनं ती झोप लागत नाही हे सांगत नाही, दारू लपवते, हातावरचे व्रण बाहीखाली झाकते. ज्या खोलीत सगळं बोलता यावं, तिथंच ती तोलूनमापून बोलते. म्हणून मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते, की नैराश्य आहे म्हणून पत्र नाकारलं जाणार नाही. आपण दोन्ही गोष्टी बरोबर करू. काही आईवडील मात्र मुलाला 'दुरुस्त' करून मागतात. असे 'रूपांतर उपचार' करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. त्या आईवडिलांना मी वेळ देते, कारण घर टिकलं तर माझं निम्मं काम होतं.

कागदावर पुष्कळ काही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या 'नालसा' निकालानं ट्रान्स व्यक्तींना घटनेचं संरक्षण दिलं. त्या लढाईत ठाण्याच्या ट्रान्स कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम १५ नं संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन, विमा आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार ही सरकारची जबाबदारी ठरवली. पण विश्वासाची ठिकाणं किती कच्च्या पायावर उभी असतात ते आपण २०२५ मध्ये पाहिलं : अमेरिकी निधी थांबला आणि हैदराबाद, पुणे व कल्याण इथली ट्रान्स समाजासाठीची 'मित्र' क्लिनिक बंद पडली. जी सेवा परदेशी देणगीवर चालते ती तिथल्या एका आदेशानं बंद होते. ती जिल्हा रुग्णालयाच्या नेहमीच्या खर्चातच असायला हवी.

हा अंक वाचणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, केसपेपर लिहिणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. 'तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?' असं विचारा आणि ते नाव कागदावर ठळक लिहून ठेवा. याला शासन आदेश लागत नाही, पैसेही लागत नाहीत. आणि तुमच्या घरात, शेजारी कुणी या घालमेलीतून जात असेल, तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.