होकाराआधी

डोक्यावरचा गोल दिवा पांढरा पांढरा होत पसरतो, तबकातल्या चिमट्यांची किणकिण दूर दूर जाते, कुणीतरी मोजायला सांगितलेले आकडे जिभेवरच विरघळतात, आणि मागे उरतो नुसता देह, ज्याला हो म्हणता येत नाही, नकोही म्हणता येत नाही. जे बोलायचं, ते त्याआधीच बोलून व्हायला हवं.

भुलेच्या त्या उंबरठ्याशी मला बीडच्या बायका दिसतात. दिवाळी सरली की गावं रिकामी होतात, कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग उसाचा फड, कोपीतला संसार, दव पडलेल्या पहाटे डोक्यावर चढणारी मोळी, आणि ओटीपोटातली ती कळ, जी सांगावी तर खाडा पडतो, खाडा पडला की उचल फिटत नाही. अंगावरून जातं, कंबर भरून येते. कुणी डॉक्टर कॅन्सरचं भय घालतो. गर्भाची पिशवी काढून टाकू, म्हणतो. २०१९मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या.

संमतीपत्रावर टेकणारा अंगठा मी मनाशी पाहत राहते. पाचटानं चिरलेला, कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडलेला. शाई भेगांत शिरते आणि कागदावर रेषांऐवजी भेगाच उमटतात. त्या ठशात तिचं मन कुठे असतं?

कायद्यानं हे विचारलं आहे. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला पुरत नाही. जीव धोक्यात नसेल, तर बेशुद्ध सज्ञान लेकीच्या वतीनं आईनं दिलेला होकारही चालत नाही. पण फडातून दवाखान्यात आलेली बाई शुद्धीत असते आणि तरीही दिवस बुडेल या भीतीनं अर्धी बधिर झालेली असते. तिच्याजवळ स्टूल ओढून बसावं, गोळ्यांनी बरं होण्यासारखं असेल तर ते सांगावं, अंडाशयं गेली तर हाडं लवकर झिजतात हे सांगावं, 'मावशी, आज घरी जा, विचार करून या,' म्हणावं. कापण्यात तरबेज झालेल्या हाताची खरी कसोटी अशा वेळी लागते.

जिला नको म्हणायची सोय नाही, तिचा होकार घेऊ नये.