झाडाला पीठ कुणी लावलं?

मुलांनो, घाटकोपरला पंतनगरात कधी आलात, तर मान वर करून चाला. रस्त्यावर हिरवी छत्री धरून उभे असतात ते पर्जन्यवृक्ष. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं, की यांची पानं मिटतात. मूळचे अमेरिका खंडातले, पण आता पक्के मुंबईकर!

उन्हाळ्याआधी तिसरीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. एका झाडाखाली चपला रस्त्याला चिकटायला लागल्या. एकीने विचारलं, "बाई, फांद्यांना पीठ कुणी लावलं?"

तिने नकळत नावच सांगितलं की! या किडीला म्हणतात पिठ्या ढेकूण. माणसांना चावणारा नव्हे बरं का. अंगावर मेणाची पांढरी भुकटी, आणि सुईसारखी सोंड खुपसून हा झाडाचा रस पितो. जास्तीची साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो, तोच खालचा चिकटा. त्यावर काळी बुरशी धरते आणि पानांना ऊन मिळेनासं होतं. मुंग्यांची मात्र चंगळ! गोड थेंबांच्या बदल्यात त्या या किडीच्या शत्रूंना हाकलून देतात. म्हणून खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की फांद्याही बघाव्यात.

माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीलाही हा पाहुणा आला होता. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून मी सगळं पांढरं पुसून काढलं. त्यात काही तुरुतुरु पळणारे, झिपऱ्या किडेही होते. मागाहून कळलं, ती ढालकिड्याची पिल्लं. पिठ्या ढेकणासारखीच दिसतात आणि त्यालाच खातात! द्राक्षबागेत शेतकरी हे किडे विकत आणून सोडतात. मी फुकट आलेले घालवले.

पण एवढ्या उंच झाडाला फडकं कोण लावणार? 2010 नंतरच्या काही वर्षांत मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष या किडीने वाळले. आधीच बुंध्याला काँक्रीट भिडलेलं, मुळांना पाणी नाही, हवा नाही. अशक्त माणसाला ताप लवकर येतो, तसंच हे.

त्या झाडाभोवती उघडी माती किती, ते मुलांनी पट्टीने मोजलं. तीन बाजूंना चार बोटं, चौथ्या बाजूला काहीच नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. जोराच्या पावसात ही कीड बरीच धुऊन जाते, म्हणून जुलैत आम्ही पुन्हा जाणार आहोत. पट्टी घेऊनच.