मेज कीं कपाट ?

श्रीमंत मनुष्यास दोन वस्तूंपैकीं कोणती घ्यावी हा प्रश्न पडत नाहीं. तो दोन्ही घेऊन मोकळा होतो. गरिबासहि तो पडत नाहीं, कारण त्यास एकहि घेतां येत नाहीं. निवड करण्याचें सुख व तिच्या पायीं होणारा मनस्ताप हीं दोन्ही मध्यमवर्गाच्याच वांट्यास आलेलीं आहेत. शहरांत दोन खोल्या घ्याव्या कीं गांवचें घर दुरुस्त करावें, हा या वर्गाचा जुना प्रश्न. त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : म्हातारा झालेला लॅपटॉप टाकून न देतां त्याच्यावर थोडे पैसे खर्चावयाचे, तर ते रॅम वाढविण्यांत घालावे, कीं जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविण्यांत घालावे ?

आमच्या घरीं हा प्रश्न गेल्या दिवाळीच्या सुटींत उपस्थित झाला. लॅपटॉप दहा वर्षांचा. सकाळीं त्याची कळ दाबून आम्ही स्नानास जावें, व परत येऊन पाहावें तों पडद्यावरचें तें गोल चक्र अद्याप फिरतच असावें, असा त्याचा परिपाठ झाला होता. चिरंजीवांचें मत पडलें कीं आठ जीबीची रॅम सोळा करावी. त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "अहो, आधीं त्याला काय दुखतंय तें तर बघा, औषधाचं मागाहून." हें दुसरें मत आम्हांस अधिक शास्त्रशुद्ध वाटलें.

दुखणें ओळखावयाचें तर शरीररचना ठाऊक असावी लागते. लॅपटॉपांत सामान ठेवण्याच्या दोन जागा असतात : एक मेज व एक कपाट. रॅम हें मेज. ज्या कागदांवर या घटकेस काम चाललें आहे, ते तेथें पसरलेले असतात. डिस्क हें कपाट. तेथें सारा संग्रह. वीज जातांच मेज साफ होतें, कपाट मात्र जसेंच्या तसें राहतें. जॉन फॉन नॉयमन यांनीं १९४५ सालीं एडव्हॅक या गणकयंत्राच्या आराखड्यांत मनुष्याच्या मज्जातंतूंशीं तुलना करीत 'मेमरी' हा शब्द योजिला, आणि तो रूढ झाला. मौज अशी कीं, आज जिला आपण मेमरी म्हणतों, ती रात्रीं यंत्र बंद करतांच सारें विसरते. लक्षांत ठेवण्याचें काम करते ती डिस्क, व नांव मात्र रॅमचें!

कपाटांतहि दोन जाती आहेत. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली, तेव्हां तिच्यांत चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या व सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरें मावत. तबकड्या पुढें तळहाताहून लहान झाल्या, परंतु रीत तीच राहिली. लॅपटॉपांतली तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, आणि हवा तो भाग फिरत फिरत खालीं येईपर्यंत वाचणाऱ्या दांडीला ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें वाट पाहावी लागते. एसएसडींत फिरणारें असें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं जगापुढें मांडलेल्या फ्लॅश मेमरीच्या चिपांवर ती चालते.

या तिहींच्या वेगांतील अंतर कल्पनेंत येण्याजोगें नाहीं, म्हणून तें आपल्या घड्याळांत मांडून पाहूं. मेजावरचा कागद उचलावयास एक सेकंद लागतो असें धरिलें, तर एसएसडीच्या कपाटांतून तो आणावयास सुमारें पाव तास लागेल. आणि फिरत्या तबकडीच्या कपाटांतून? जवळजवळ पावणेदोन दिवस !

एवढें समजल्यावर आम्हीं यंत्रांतील टास्क मॅनेजर उघडला. तो वैद्याप्रमाणें नाडी दाखवितो. आठांपैकीं पांच जीबी रॅम भरलेली, तीन मोकळी. डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली. मेजावर जागा असतां दुसरें मेज आणून काय करावयाचें ? जेथें मेजच ओसंडून वाहत असतें, तेथें गोष्ट निराळी. तेथें यंत्र मेजावरचे कागद कपाटांत कोंबतें व पुन्हा बाहेर काढतें, आणि या येरझारांतच त्याचा दिवस जातो. अशा यंत्रास रॅमच दिली पाहिजे. आमच्या यंत्रास एसएसडी बसविली. आतां तें अर्ध्या मिनिटांत सुरू होतें, आणि स्नानासाठीं आम्हांस निराळा वेळ काढावा लागतो.

येथें प्रकरण संपावयाचें, परंतु आम्ही इतिहास शिकवितों, आणि वर्गांत दरवर्षीं कोणी तरी विचारतोच, "सर, सगळं फोनवर क्षणांत सांपडतं, मग सनावळ्या पाठ कशाला करायच्या?" आमच्याच घरचा लॅपटॉप आतां त्याच्या बाजूनें साक्ष देऊं लागला ! मेज होतें तेवढेंच राहिलें, कपाट जलद झालें, आणि यंत्र सुधारलें. तीस वर्षें पाठांतराचा आग्रह धरून पगार घेणाऱ्यास या साक्षीदाराची उलटतपासणी करणें प्राप्तच होतें.

ती करतां असें दिसून आलें कीं, कपाट कितीहि जलद झालें तरी यंत्र कपाटांत काम करीत नाहीं. प्रत्येक कागद आधीं मेजावर यावा लागतो. शिवाय कोणता कागद मागावयाचा हें यंत्रास कोणी तरी सांगून ठेवलेलें असतें. मनुष्यास तें स्वतःच सुचावें लागतें. १८१८ सालीं पेशवाई संपली, व १८३५ सालीं मेकॉलेनें इंग्रजी शिक्षणाविषयींचें आपलें टिपण लिहिलें. हीं दोन्ही सालें फोन तत्काळ सांगेल. परंतु त्यांत अंतर अवघें सतरा वर्षांचें आहे, म्हणजे पेशवाईच्या अखेरीस पाळण्यांत असलेलें मूल तेव्हां ऐन तारुण्यांत होतें, हा विचार दोन्ही सालें एकाच डोक्यांत शेजारीं शेजारीं पडलीं असतील तरच सुचतो. जी गोष्ट डोक्यांत नाहीं, तिच्याविषयीं प्रश्नहि डोक्यांत येत नाहीं.

म्हणून या सत्रांत आम्हीं तडजोड केली. वीस सनें मुखोद्गत हवींत. बाकीचीं खुशाल फोनवर शोधावीं. पहिल्याच पंधरवड्यांत मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, त्या सतरा वर्षांत पेशव्यांच्या दफ्तरांतल्या कारकुनांची मुलं काय शिकत होतीं ?" प्रश्न चांगला होता, आणि त्याचें पुरें उत्तर आमच्या मेजावर नव्हतें. त्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही ग्रंथालयाच्या कपाटाकडे वळलों.