शिंजिरांचा ज्यूस बार

सिंहगड म्हटलं की काय आठवतं? झुणका-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही! रविवारी सकाळी पुणेकर गड चढतात ते बहुतेक यासाठीच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल, तर आतकरवाडीच्या पायवाटेवर जरा थांबा. डोंगर वाळून पिवळा पडलेला असतो आणि मध्येच एखादं झुडूप लालबुंद दिसतं. ती धायटी.

पुरुषभर उंची, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या आणि फांदीभर इवल्या नळ्यांसारखी फुलं. प्रत्येक नळीत मध. म्हणजे शिंजिरांचा ज्यूस बारच म्हणा ना! मी तिथे अर्धा तास उभी होते. लांबून काळा वाटणारा जांभळा शिंजीर उन्हात आला की निळा-जांभळा झळाळतो. बाकदार चोच फुलात खुपसली, की लगेच पुढचं फूल. त्याच्या मागोमाग बुलबुल आणि चष्मेवाले हजर.

धायटी महाचिवट. खडक, मुरूम, रणरणतं ऊन, तिला सगळं चालतं. वणव्यात होरपळली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. डाळिंब आणि मेंदी ही तिची नात्यातली मंडळी. आयुर्वेदात आसवं-अरिष्टं आंबवायला हिचीच फुलं लागतात.

पण हिला विचारतो कोण? पायथ्याला प्लॉट पाडताना मोठं झाड तुटलं तर निदान चार लोक हळहळतात. झुडपं मात्र ‘साफसफाई’त जातात. मग आपण तिथे लॉन आणि शोभेचे पाम लावतो. फोटोत झकास दिसतं, पण ऐन मार्चमध्ये शिंजिराच्या पोटाचं काय?

म्हणून म्हणते, धायटी घरी लावा. गडावरून उपटून मात्र आणायची नाही हं! देशी झाडांची रोपं ठेवणाऱ्या नर्सरीत विचारा. मोठी कुंडी, पाणी न साचणारी मुरमाड माती आणि दिवसभर ऊन मिळणारी बाल्कनी एवढं पुरे. रोप रुजलं की पाणी बेताचंच. फुलं संपली की छाटणी करा. पहिल्याच वर्षी बहराची घाई नको. बाल्कनी नसेल, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुंपणालगत धायटी लावायचा विषय काढा.

तोवर शिंजीर बघायचेत? मार्च संपायच्या आत, ऊन तापण्यापूर्वी गडाची वाट धरा. दही काय, नंतरही मिळेल!