दुपारची गादी

कऱ्हेकाठच्या मोरगावात चतुर्थीला उभे राहायला जागा नसते. एरवी मात्र दुपारी एक ते चार हा काळ निवांत असतो. मयूरेश्वराच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका किराणा दुकानात हा वेळ ऐंशीच्या घरातील एका शेठजींचा असतो. गल्ला नातवाकडे सोपवून ते भिंतीलगतच्या गादीवर बसतात. जवळ एखादे पुस्तक, रेडिओ, बुद्धिबळाचा पट आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र. जो येईल त्याच्याशी बोलायचे. कोणी न आल्यास स्वतःशीच विचार करीत राहायचे.

कऱ्हा ही पाण्याने गरीब पण शब्दांनी श्रीमंत नदी आहे, असे ते म्हणतात. वरच्या अंगाला, सासवडजवळच्या कोडितला १८९८ साली आचार्य अत्रे जन्मले आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले. खालच्या अंगाला बारामतीत नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. पंतांनी एकशे आठ रामायणे रचल्याचे सांगतात. त्यांतले एक तर ओठ न मिटता म्हणता येईल असे. शेठजींना याचे मोठे कौतुक. “एकच माल एकशे आठ पुड्यांत बांधला, पण एकही पुडी दुसरीसारखी नाही!” नाईकांचे घराणे सावकारीचे. त्यांनी व्याज किती मिळवले हे आज कोणास ठाऊक नाही, पंतांच्या आर्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या, हेही ते आवर्जून सांगतात.

दुसरे आवडते पुस्तक म्हणजे बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. श्रीमाळ कुळातील या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली आग्र्यास पद्यात लिहिलेले हे आत्मचरित्र भारतीय भाषांतील पहिले मानले जाते. व्यापार बुडाला तेव्हा बनारसीदास रात्री लोकांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवीत आणि कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १६०५ साली अकबर बादशहा वारल्याची बातमी जौनपुरात आली, तेव्हा दुकाने बंद झाली, लोकांनी चीजवस्तू पुरून ठेवल्या आणि जाडेभरडे कपडे घातले. जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले तेव्हा कुठे बाजार उघडला. “बाजार मालावर चालत नाही, भरवशावर चालतो,” असा शेठजींचा त्यावरील अभिप्राय.

संगीतात त्यांची धाव गीतरामायणापाशी थांबते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर ते प्रसारित केले. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गीते छप्पन्न. आठवड्याला एकच नवे गीत. पुढचे ऐकायचे तर सात दिवस वाट पाहायची. आता नातवाच्या मोबाइलवर सगळी एकापाठोपाठ वाजतात. याविषयी शेठजींची तक्रार नाही. ती वाट पाहणे मात्र त्यांना अजून आठवते आणि उधारी वसूल करतानाही आपल्याला तेच कामी आले, असे ते हसत सांगतात.

बुद्धिबळ ते जुन्या देशी पद्धतीने शिकले. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते. नातू आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो, त्यामुळे निम्मा वेळ वादात जातो. १९७४ साली मुंबईच्या वासंती खाडिलकर पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. जुलै २०२५ मध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बाटुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा दुकानात पेढे वाटले गेले.

घरात या बैठकीला विरोध नाही असे नाही. “एवढा वेळ सामायिकात घालवला तर?” असे त्यांच्या सौभाग्यवती अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. शास्त्रांनी राजकथा आणि देशकथा यांची गणना विकथांत केली आहे, हे शेठजी जाणतात. म्हणून त्यांनी एक नियम घातला आहे: बोलण्यात कोणाची निंदा आली की तो विषय तेथेच संपला.

गेल्या सप्टेंबरात मात्र चालू घडामोडी गादीवरून थेट गल्ल्यात उतरल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केशतेल, बिस्किटे यांवरील जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. दुकान कंपोझिशन योजनेत आहे. तेथे उलाढालीवर एक टक्का भरावा लागतो, पण खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. म्हणजे मूळ शंभर रुपयांचा जो माल एकशे अठराला घरात आला, तोच आता नव्याने आणणाऱ्याला एकशे पाचला पडणार. भाव उतरवला तर तेरा रुपये खिशातून जाणार. सणासुदीसाठी माल भरलेला होता.

“दादाजी, जुना माल छापील किमतीलाच काढू. नवा आला की नवा भाव लावू. कोण विचारतंय?” नातू म्हणाला.

“वर्तमानपत्र काय आपल्याच घरी येतं?” शेठजींनी विचारले.

“पण तोटा आपण का सोसायचा? कर तर आपण भरूनच बसलोय.”

त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. शेठजींनीही ती काढली नाही. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “प्यादं देऊन डाव राखायचा, हे तुला मीच शिकवलं ना? हे प्यादं आहे. आपलं गिऱ्हाईक नोकरीचं नाही, मजुरीचं आहे. त्याला एकदा वाटलं की शेठ फसवतो, की मग बनारसीदासांच्या जौनपुरासारखं होतं. दुकान उघडं असूनही बंद.”

नातवाने पुन्हा आकडेमोड केली. सगळा साठा एकदम उतरवणे झेपणारे नव्हते, हेही त्याने दाखवून दिले आणि ते शेठजींनी मान्य केले. अखेर रोजच्या वापराचा साबण, टूथपेस्ट आणि बिस्किटे यांचा भाव त्याच दिवशी उतरवायचा, बाकीच्या मालासाठी घाऊक व्यापाऱ्याशी बोलायचे, असे ठरले. घाऊक व्यापाऱ्याने थोडी सूट दिली, पूर्ण दिली नाही.

दिवाळीच्या वहीत नातवाने ती रक्कम ‘घट’ म्हणून लिहिली. ‘दानधर्म’ किंवा ‘जाहिरात’ असे एखादे गोंडस नाव शेठजी सुचवतील, असे त्याला वाटले होते. त्यांनी आकडा तपासला, बेरीज पुन्हा करून पाहिली आणि पान उलटले. घट झाली होती, आणि वहीत तीच लिहायची असते.