तळोज्याचा जव

तळोज्याला राहतो म्हटलं की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. तुरुंग घराजवळ आहे का, आणि ती कुत्री खरंच निळी झाली होती का? तुरुंग आहे, पण तो कुणाच्या वाटेत येत नाही. कुत्र्यांचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये औद्योगिक वसाहतीतल्या रंगाने काही भटकी कुत्री निळी झाली होती, हे खरं आहे. तिसरी गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. किंगफिशर बीअर काढणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजचा एक कारखाना इथल्याच वसाहतीत आहे.

तसं गाव जुनं. दिवा-पनवेल लोहमार्गावरचं तळोजे पाचनंद हे स्टेशन, भाताची शेतं, आगरी-कोळी वस्ती आणि कासाडी नदी. नदीतल्या मासळीवर कितीतरी घरं चालत. पुढे कारखाने आले, नदी बिघडली आणि गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. मग सिडकोच्या इमारती उठल्या आणि आमच्यासारखी बिऱ्हाडं आली. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून थेट पेंधरपर्यंत मेट्रो धावते, त्यामुळे आता माहेरची माणसं ‘फार लांब बाई तुझं घर’ असं म्हणत नाहीत.

मी अर्धवेळ शिकवते. सहावीच्या वर्गाला ‘माझे वडील’ हा निबंध घातला होता. एका मुलाने वडिलांचं सगळं लिहिलं, क्रिकेट, मिशा, रविवारचं मटण. पण ते काय काम करतात हे वगळलं. विचारल्यावर हळूच म्हणाला, “बाई, पप्पा बीअरच्या कंपनीत आहेत. मुलं मला दारूवाला म्हणतात.”

खरं सांगते, मला चटकन उत्तर सुचेना. माहेरच्या आळीत दारूने बसलेली दोन घरं मी पाहिली आहेत. शेजारच्या खारघरमध्ये दारूचं दुकान नको म्हणून रहिवासी, त्यात कितीतरी बायका, वर्षानुवर्षं झगडले, आणि माझं मन त्यांच्याच बाजूचं. पण मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलाला ते काय सांगायचं? मी एवढंच म्हटलं, “पप्पांना विचार, ते तिथे नेमकं काय करतात.” दुसऱ्या दिवशी तो उत्तराऐवजी कोडंच घेऊन आला. “बाई, पप्पा म्हणतात की ते जवाचं पाणी गोड करतात. पण त्यात साखर घालतच नाहीत!”

मग ठरवलं, हे आपण करूनच बघू. बीअरची पहिली निम्मी वाट, म्हणजे धान्यापासून गोड पाण्यापर्यंतची, आपल्या स्वयंपाकघरात सहज जमते. ज्या बाईने बाळासाठी मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व केलंय, तिला तर ही वाट ओळखीचीच आहे.

जव मात्र पूजेच्या सामानाच्या दुकानातला, सालासकट घ्यावा. वाण्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या, सडलेल्या जवाला मोड येत नाहीत. पाव किलो जव रात्रभर भिजवून, उपसून ओल्या फडक्यात बांधला. रोज दोनदा धुऊन पुन्हा बांधायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक पांढरी मुळं फुटली. दाणा उभा चिरला की सालाखाली सरकत गेलेला कोंब दिसतो. तो दाण्याच्या पाऊण लांबीचा झाला की थांबायचं. आधी पंख्याखाली, मग उन्हात कडकडीत वाळवायचं आणि हातांनी चोळून मुळं पाखडून टाकायची. हे काम थंडीत करावं. आमच्याकडच्या पावसाळी हवेत बुरशी धरते, आणि बुरशीचा वास आला तर सगळं फेकून द्यायला हयगय करू नये. वाळलेला जव मिक्सरमध्ये भरडला, पीठ केलं नाही.

आता खरी गंमत. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. कोंबाला खाऊ मिळावा म्हणून दाण्यातल्या पिठाची साखर करायची हे त्यांचं काम. ती कोमट-गरम पाण्यात, साधारण ६५ अंशांवर, झपाट्याने काम करतात. उकळत्या पाण्यात मरतात. हे मुलांना दिसावं म्हणून भरड दोन पातेल्यांत निम्मी-निम्मी घेतली. एकात अडीच वाट्या उकळतं पाणी ओतून ते मंद आचेवर उकळतच ठेवलं. दुसऱ्यात दीड वाटी उकळतं आणि एक वाटी साधं पाणी एकत्र करून घातलं. भरड मिसळल्यावर उष्णता बरोबर बेताची होते. झाकण घालून, जाड टॉवेलात गुंडाळून ते तासभर ठेवलं.

तासाने पांढऱ्या बशीत दोन्हींचे थेंब गार केले आणि त्यांवर औषधाच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन टाकलं. उकळलेल्याचा थेंब काळानिळा झाला, म्हणजे त्यात पीठ तसंच होतं. टॉवेलातल्याचा थेंब पिवळट-तपकिरीच राहिला. पीठ संपलं, साखर झाली! आयोडीन टाकलेलं बशीतलं अर्थात फेकून दिलं. टॉवेलातलं पाणी गाळून, दहा मिनिटं उकळून, वेलदोडा घालून मुलांना दिलं. साखरेचा दाणाही न घालता छान गोड, भाजलेल्या धान्याच्या वासाचं. उरलेला चोथा भाजणीत मिसळून थालीपिठं लावली. बीअरच्या कारखान्यातला असला चोथा गाईम्हशींच्या खाद्यात जातो. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे पाणी जपून घ्यावं, शेवटी ती साखरच.

आपली वाट इथे संपते. कारखान्यात पुढे याच पाण्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुलं उकळतात. हॉप्स आपल्या देशात हिमाचलातल्या लाहौलला होतात. मग यीस्ट घातलं की ते साखर खाऊन मद्यार्क आणि वायू सोडतं. परवान्याशिवाय घरी मद्य करणं हा महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही, हेही मी मुलांना स्पष्ट सांगितलं.

आणि त्या मुलाला? त्याला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दारूने घरं मोडतात हे खरं आहे, आणि ते झाकायचं कारण नाही. पण तुझे वडील धान्याची पारख आणि पाण्याची उष्णता सांभाळून पोट भरतात, ते काम हुशारीचं आहे, आणि त्याची लाज तुझ्या माथी मारायचा अधिकार कुणाला नाही. वर्गातल्या चिडवणाऱ्यांपैकी दोघांनी तोवर त्यालाच विचारलं होतं, “तुझ्या पप्पांच्या इथलं पातेलं केवढं असतं रे?” निबंधात त्याने एक ओळ वाढवली: ‘माझे वडील जवाचे पीठ गोड करतात.’ मी त्याखाली लाल शाईने काही लिहिलं नाही.

मैत्रिणींनो, थंडीत कधी सवड झाली तर मेट्रोने पेंधरला उतरा. कुत्री आता आपल्या नेहमीच्याच रंगाची आहेत, आणि जव मी आदल्या दिवशीच भरडून ठेवीन.